‘डेओर’चा संकोच : एका प्राणिवाचक शब्दाच्या इतिहासातील काही प्रश्न

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये, तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात, वेड्या भिकाऱ्याचे सोंग घेतलेला एडगर वादळी रात्री आपल्या अन्नाचे वर्णन करतो. उंदीर, घुशी आणि असलेच लहानसहान ‘डिअर’ यांच्यावर आपण सात वर्षे काढली, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. अठराव्या शतकातील संपादकांना या ठिकाणी ठेच लागली. उंदीर-घुशींच्या पंगतीला हरीण कसे येऊन बसले, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता आणि त्या काळच्या संपादनाच्या रीतीला धरून त्यांनी त्यावर सोपा उपाय शोधला. सर टॉमस हॅन्मर याने मूळ शब्दच काढून टाकला आणि तेथे ‘गिअर’, म्हणजे सामानसुमान, चीजवस्तू, हा शब्द घातला. १७४७च्या आवृत्तीत वॉरबर्टनने त्याचीच री ओढली. १७६५मध्ये सॅम्युएल जॉन्सनने आपल्या आवृत्तीत हद्दपार झालेला शब्द पुन्हा जागेवर बसविला आणि टीप दिली की जुन्या भाषेत हा शब्द सर्वच रानटी प्राण्यांसाठी वापरला जात असे. पुढे टॉमस पर्सीने या उद्गाराचे मूळ ‘बेव्हिस ऑफ हॅम्प्टन’ या मध्ययुगीन पद्यकथेत दाखवून दिले. तेथे अंधारकोठडीत पडलेला नायक सात वर्षे याच अन्नावर जगतो. पाठचिकित्सेपुरता प्रश्न मिटला.

अर्थाच्या इतिहासापुरता मात्र तो तेथेच सुरू होतो. हॅन्मर आणि वॉरबर्टन हे अडाणी गृहस्थ नव्हते. नाटक रंगभूमीवर आल्याला त्यांच्या काळी पुरती दीडशे वर्षेही झाली नव्हती. एवढ्या अवधीत एका साध्या, एकावयवी, रोजच्या शब्दाचा जुना अर्थ इतका निखालस पुसला गेला की विद्वान संपादकाला तो अर्थ आठवण्यापेक्षा शब्द बदलणे सोयीचे वाटले. हे कसे घडले, याचे उत्तर भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एका शब्दात मिळते : अर्थसंकोच. ब्लूमफील्डने आपल्या ‘लँग्वेज’ (१९३३) या ग्रंथात अर्थपरिवर्तनाचे प्रकार सांगताना संकोचाच्या उदाहरणांत हाच शब्द दिला आहे. प्राचीन इंग्रजी ‘डेओर’ म्हणजे पशू, आधुनिक ‘डिअर’ म्हणजे हरीण. त्याच्याच शेजारी ‘मेटे’ (अन्न) आणि ‘मीट’ (मांस), ‘हुंड’ (कुत्रा) आणि ‘हाउंड’ (शिकारी कुत्रा) या जोड्या आहेत. तेव्हापासून ही उदाहरणे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जशीच्या तशी फिरत आली आहेत. वर्गीकरण म्हणून त्यांत चूक काही नाही. पण ‘संकोच’ ही संज्ञा घडून गेलेल्या गोष्टीला नाव देते, तिचे कारण सांगत नाही. शिवाय या संज्ञेमुळे असा भास होतो की शब्द जणू धुतलेल्या कापडासारखा आपल्याच गुणधर्माने आटला. हा भास तपासण्याजोगा आहे.

प्रथम शब्दाची कुळकथा. ‘डेओर’ हे प्राचीन इंग्रजीतील नपुंसकलिंगी नाम. जर्मन ‘टीअर’, डच ‘डीर’, स्वीडिश ‘यूर’, प्राचीन नॉर्स ‘दीर’ ही त्याची भावंडे, आणि त्या सर्वांत प्राणी हाच अर्थ आहे. चौथ्या शतकातील वुल्फिलाच्या गॉथिक बायबलात, येशू अरण्यात वन्य पशूंबरोबर राहिला असे सांगणाऱ्या मार्कच्या वचनात, याच कुळातील रूप आढळते. एका विशिष्ट गटातील नपुंसकलिंगी नामांचे प्रथमेचे अनेकवचन प्राचीन इंग्रजीत एकवचनासारखेच असे. ‘शीप’ आणि ‘स्वाइन’ यांच्याप्रमाणे ‘डिअर’लाही आज अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही, याचे कारण एवढेच. अर्थ बदलला, पण व्याकरणाने आपली जुनी खूण सोडली नाही.

या शब्दाच्या मुळाशी श्वास घेणे या अर्थाचा इंडो-युरोपीय धातू असावा, असे सामान्यतः मानले जाते. लिथुआनियन आणि स्लाव्ह भाषांतील आत्मावाचक शब्द त्याच धातूशी जोडले जातात. म्हणजे ‘डेओर’ म्हणजे मुळात श्वास घेणारे, सप्राण. लॅटिनमध्ये ‘अनिमा’पासून ‘अनिमल’ आला. संस्कृतात प्राण आणि प्राणी. फार्सीत ‘जान’ आणि ‘जानवर’, ज्याचे मराठीत जनावर झाले. एकमेकांपासून स्वतंत्रपणे इतक्या भाषांनी एकच वाट धरावी हे लक्षणीय आहे. त्याहूनही लक्षणीय असे की इतका व्यापक अर्थ कोणत्याही भाषेच्या प्रत्यक्ष व्यवहारात व्यापक राहत नाही. शेतकऱ्याच्या तोंडी जनावर म्हणजे गोठ्यातले गुरू असते. कोकणात मात्र रात्रीच्या वेळी सापाचे नाव न घेता जनावर म्हटले की ऐकणाऱ्याला जे समजायचे ते समजते. जातिवाचक शब्दाला प्रसंग नेहमी आपल्याकडे ओढत असतो.

प्राचीन इंग्रजीतील ‘डेओर’ही पूर्णतः निर्विशेष नव्हता. पाळीव जनावरांसाठी ‘नीटेन’ आणि ‘नेआट’ हे वेगळे शब्द होते, तर ‘डेओर’चा कल रानटी पशूकडे होता. तो ठळक करण्यासाठी ‘विल्ड’ जोडून ‘विल्डेओर’ असा समासही केला जाई. आजच्या इंग्रजीतील ‘विल्डर्नेस’ या शब्दाच्या पोटात हाच समास आहे : वन्य पशूंचा प्रदेश तो अरण्य. नवव्या शतकाच्या अखेरीस राजा आल्फ्रेडच्या दरबारी आलेल्या ओथेरे या नॉर्वेजियन दर्यावर्द्याने सांगितलेली हकीकत ओरोसियसच्या इतिहासाच्या प्राचीन इंग्रजी रूपांतरात समाविष्ट आहे. आपल्याजवळ न विकलेले सहाशे माणसाळलेले ‘डेओर’ आहेत आणि त्यांना रेनडिअर म्हणतात, असे तो सांगतो. आधुनिक वाचकाला येथे हरीण दिसते, आणि योगायोगाने प्राणीही त्याच कुळातला आहे. पण ओथेरेच्या वाक्यातील गंमत वेगळ्या ठिकाणी आहे. ‘माणसाळलेले’ हे विशेषण त्याला मुद्दाम लावावे लागले, कारण ‘डेओर’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात जो पशू उभा राहतो तो माणसाळलेला नसतो. संपत्ती म्हणून बाळगलेले रानटी पशू ही कल्पना त्या दरबाराला नवलाची वाटली असेल तर त्यात आश्चर्य नाही.

हरणाला मग नाव काय होते? नर हरणाला ‘हेओरोट’, मादीला ‘हिंद’, लहान जातीच्या हरणाला ‘रा’. शिंगांवरून पडलेले ‘हेओरोट’ हे नाव पुढे ‘हार्ट’ झाले. ‘बेओवुल्फ’मधील राजा ह्रोथगारच्या महालाचे नाव हेच आहे. त्या काव्यात या दोन शब्दांची जी मांडणी दिसते ती आजच्या वाचकाला उलटी वाटेल. ग्रेंडेल राहतो त्या भयाण डोहाचे वर्णन करताना ह्रोथगार सांगतो की कुत्र्यांनी पाठलाग केलेले हरीण काठावर प्राण देईल, पण त्या पाण्यात शिरणार नाही. हे हरीण म्हणजे ‘हेओरोट’. ‘डेओर’ आहेत ते डोहाच्या आत. समुद्रातील अक्राळविक्राळ प्राण्यांना कवी ‘मेरेडेओर’, ‘सॅडेओर’ म्हणतो, आणि डोहाच्या कडांवर पहुडलेल्या सर्पांच्या जोडीला ‘विल्डेओर’ येतात. हरीण ज्याला भिते, तो ‘डेओर’.

याच काव्यात ‘डेओर’ विशेषण म्हणूनही येतो, आणि तेव्हा त्याचा अर्थ होतो शूर, धाडसी, उग्र. ‘हिल्डेडेओर’ म्हणजे रणशूर. नाम आणि विशेषण एकाच मुळाचे की केवळ समोच्चारित, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ध्वनिनियमांच्या आधारे त्याचा निर्णय होईल असे दिसत नाही. परंतु काव्याच्या वाचकाला त्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. श्रोत्याच्या कानावर दोन्ही एकाच आवाजात पडत होते. ज्या समाजात वीराचे नाव ‘लांडगा’ किंवा ‘अस्वल’ या शब्दांनी घडविले जाई, त्याला शौर्य आणि श्वापद यांच्यातील नाते समजावून सांगावे लागत नव्हते. महत्त्वाची गोष्ट ही की हे विशेषण जसे बेओवुल्फला लागते तसे एका ठिकाणी ग्रेंडेललाही लागते. राक्षस आणि वीर यांच्या वर्णनांत सामाईक शब्द आढळतात, हे या काव्याच्या टीकाकारांनी पुष्कळदा दाखविले आहे. पण ‘डेओर’च्या बाबतीत तो सामाईकपणा अधिक खोल जातो, कारण येथे एकाच ध्वनीत पशू आणि पराक्रमी असे दोन्ही अर्थ नांदतात. आजच्या इंग्रजी भाषांतरात ‘ब्रेव्ह’ किंवा ‘फिअर्स’ यांपैकी एकाची निवड करावीच लागते, आणि निवड केली की नाते तुटते.

‘डेओर’ हे एका कवितेचेही नाव आहे. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेल्या ‘एक्सेटर बुक’ या हस्तलिखितात बेचाळीस ओळींचे एक काव्य आहे. त्यातील निवेदक पूर्वी हेओडेनिंग कुळाचा दरबारी कवी होता. हेओरेंडा नावाच्या अधिक कुशल कवीने त्याची जागा आणि जमीन घेतली. जुन्या जर्मानिक दंतकथांतील दुःखितांचे दाखले देत, प्रत्येक दुःख ओसरले तसे आपलेही ओसरेल, असे तो पालुपदातून स्वतःला सांगत राहतो. शेवटाकडे तो आपले नाव डेओर असल्याचे सांगतो, आणि लगेच त्याच्या आधी आपण धन्याला प्रिय होतो असे म्हणतो. प्रिय या अर्थाच्या शब्दाचा उच्चार त्याच्या नावाच्या अगदी जवळचा आहे. नावात पशू आहे, शूर आहे आणि शेजारच्या शब्दामुळे प्रियही आहे. प्रत्यक्षात बोलणारा मात्र हाकलून दिलेला, आश्रयहीन माणूस. ‘प्रिय’ आणि ‘हरीण’ यांच्यावरील हाच श्लेष सहाशे वर्षांनंतर एलिझाबेथकालीन प्रेमकाव्यात सरधोपट झालेला दिसतो. ‘व्हीनस अँड अडोनिस’मध्ये व्हीनस स्वतःला उपवन आणि अडोनिसला त्यात चरणारे हरीण म्हणवते, ते या श्लेषाच्याच जोरावर. मधल्या काळात श्लेषातील एक पाय बदलला. रानातील पशू गेला आणि कुंपणातले हरीण आले.

ते कुंपण कोणी घातले? इंग्लंडच्या इतिहासात याचे उत्तर बऱ्याच अंशी तारखेनिशी देता येते. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर विल्यमने वनांचा नवा कायदा लागू केला. या कायद्यातील ‘फॉरेस्ट’ म्हणजे झाडी नव्हे. राजाच्या शिकारीसाठी सामान्य कायद्याबाहेर काढलेला तो प्रदेश होता, आणि त्यात गावे, शेते, माळ असे सर्व काही येई. ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’च्या पीटरबरो हस्तलिखितात १०८७ या वर्षाच्या नोंदीत विल्यमच्या मृत्यूनंतर त्याच्यावर लिहिलेला एक पद्यमय मजकूर आहे. हरीण किंवा हरिणी मारणाऱ्याचे डोळे काढावेत असा कायदा त्याने केला, असे तेथे सांगितले आहे. आणि मोठ्या ‘डेओर’वर तो असे प्रेम करी की जणू त्यांचा बापच, असा टोला इतिवृत्तकाराने हाणला आहे. वाक्य उपहासाचे आहे, पण शब्दाच्या इतिहासात ते पुराव्याचे आहे. हरणाला तेथे त्याच्या जातीच्या नावाने उल्लेखिलेले आहेच. त्याबरोबर ‘उंच’ हे विशेषण जोडून ‘डेओर’चा जो समास वापरला आहे त्याचा रोख हरणांवर आहे. सामान्य शब्द विशिष्टावर स्थिरावू लागण्याची क्रिया येथे प्रत्यक्ष पाहता येते, आणि ती ज्या वाक्यात दिसते ते वाक्य डोळे काढण्याच्या शिक्षेबद्दल आहे.

पुढील दीड शतकात या कायद्याने मोठा प्रदेश व्यापला. १२१७च्या वनसनदेने शिकारीच्या गुन्ह्यासाठी प्राण किंवा अवयव घेण्याची शिक्षा रद्द केली. गुन्हा मात्र कायम राहिला. वनकायद्यातील संरक्षित प्राण्यांना एक नाव होते, ‘व्हेनिसन’. लॅटिनमधील शिकारवाचक शब्दापासून फ्रेंचमार्गे आलेला हा शब्द आरंभी शिकार करून मिळविलेल्या कोणत्याही प्राण्याचा आणि त्याच्या मांसाचा निर्देश करी. त्याचाही संकोच होऊन शेवटी तो हरणाच्या मांसापुरता उरला. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅनहो’मधील विदूषकाचा संवाद प्रसिद्ध आहे. डुक्कर, बैल, वासरू ही जनावरे जिवंत असेतो त्यांना सॅक्सन नावे आणि पानात वाढली की नॉर्मन नावे, असा त्याचा मुद्दा. ‘डिअर’ आणि ‘व्हेनिसन’ ही जोडी वरवर पाहता या यादीत चपखल बसेल. पण तिचा इतिहास निराळा आहे. डुकराच्या सॅक्सन नावाला नॉर्मनांनी हात लावला नाही, कारण डुक्कर राखणे सॅक्सनांकडेच राहिले. हरीण मात्र जिवंतपणीच राजाचे झाले, आणि त्याच्याबरोबर त्याचा शब्दही बदलला. हरीणचोरीची जरब पुढे किती काळ टिकली हे १७२३च्या ‘ब्लॅक अ‍ॅक्ट’वरून दिसते, ई. पी. टॉमसनने ‘व्हिग्ज अँड हंटर्स’ (१९७५) या ग्रंथात त्याचे विवेचन केले आहे. हॅन्मर आपली आवृत्ती सिद्ध करीत होता तेव्हा तोंडाला काळे फासून हरणे चोरणे हा देहान्त शिक्षेचा गुन्हा होता. त्याच्या कानाला ‘डिअर’ या शब्दात उंदराचा आवाज ऐकू येणे अवघडच होते.

येथवर आल्यावर सगळे श्रेय, किंवा दोष, नॉर्मन विजयाला देऊन मोकळे होण्याचा मोह पडतो. राजकीय सत्तेने शब्द बळकावला, ही मांडणी आकर्षक आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. पण ती पुरी पडत नाही. जर्मनीवर नॉर्मनांनी राज्य केले नाही. तेथे ‘टीअर’ आजही प्राणी याच अर्थाने वापरला जातो. परंतु जर्मन शिकाऱ्यांच्या परिभाषेत ‘टीअर’ म्हणजे तांबड्या हरणाची मादी. शिकारीच्या वर्तुळातला संकोच तेथेही झाला, फक्त तो त्या वर्तुळाबाहेर पडला नाही. अर्थात संकोचाची पहिली पायरी परकीय सत्तेवर अवलंबून नाही. ज्याच्या मागे शिकारी धावतो, त्याला तो जातीचे नाव देतो. इतर सारे पशू विशेष नावांनी ओळखले जातात, आणि ज्याच्यासाठी रानात जायचे तो नुसता ‘पशू’ होतो.

याचा याहून जुना आणि मराठी वाचकाच्या परिचयाचा दाखला ‘मृग’ हा आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘डेओर’शी त्याचा काही संबंध नाही, वाटचाल मात्र तीच. ऋग्वेदात मृग म्हणजे रानातील कोणताही पशू. हत्तीचा निर्देश तेथे हात असलेला मृग असा होतो. पहिल्या मंडलातील विष्णुसूक्तात (१.१५४) विष्णूच्या पराक्रमाला डोंगरांत संचार करणाऱ्या भयंकर मृगाची उपमा दिली आहे. तेथे हरीण वाचले तर उपमेचा विचका होतो. लिअरच्या संपादकांची जी गत झाली तीच येथे वाचकाची होईल. मृगेंद्र आणि मृगराज ही सिंहाची नावे, तसेच झाडावरच्या माकडाला शाखामृग म्हणणे, ही या जुन्या अर्थाची अवशिष्टे आहेत. आणि मृगया, मृगयु, मार्ग हे शब्द ज्या अर्थकुलात आहेत त्याच्या केंद्रस्थानी माग काढण्याची, शोधण्याची क्रिया आहे. म्हणजे ‘मृग’ हा शब्द शिकारीशी फार जवळून बांधलेला होता, आणि त्याच्या संकोचाचे बीज तेथेच आहे. ‘शाकुंतल’ सुरू होते ते रथातून मृगामागे धावणाऱ्या राजाने, आणि त्याला थांबविले जाते ते हा आश्रमाचा मृग आहे असे सांगून. कालिदासाच्या काळी येथे कोणता पशू समजायचा याबद्दल प्रेक्षकाला शंका राहिली नव्हती. मराठीत तर मृग नक्षत्रात, कस्तुरीमृगात आणि मृगजळात सापडतो; रोजच्या बोलण्यातला पशू हरीण आहे.

याच शब्दाचे इराणी भावंड दुसऱ्याच दिशेला गेले. अवेस्तातील ‘मरग’ म्हणजे पक्षी, त्याचे फार्सीत ‘मुर्ग’ झाले, आणि हिंदुस्थानात येऊन ते कोंबडीवर स्थिरावले. इंग्रजी ‘फाउल’चेही तसेच : प्राचीन इंग्रजीत कोणताही पक्षी, आज मुख्यतः कोंबडी. श्वापद या शब्दाशी ज्याचे नाते जोडले जाते त्या ‘सावज’ शब्दाची गोष्ट तर घराजवळची. मराठीत सावज म्हणजे ज्याची शिकार करायची ते. गुजरातीत सावज म्हणजे सिंह. दोन शेजारी भाषांनी एका शब्दाचा संकोच केला. एकीने शिकार ठेवली आणि दुसरीने शिकारी.

आता प्रश्न असा उरतो की जर्मनमध्ये शिकाऱ्यांच्या परिभाषेपुरता राहिलेला संकोच इंग्रजीत साऱ्या भाषेचा का झाला. याचे उत्तर ‘डेओर’ या एकट्या शब्दात शोधून मिळणार नाही. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजाऱ्यांनी ठरते, हे सोस्यूरने सांगितले. आणि १९३१मध्ये योस्ट ट्रिअरने अर्थक्षेत्राची कल्पना मांडून एका शब्दाची हालचाल म्हणजे साऱ्या क्षेत्राची फेरमांडणी असते, हे जर्मन शब्दसंग्रहाच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न केला. ट्रिअरच्या सिद्धान्तातील क्षेत्र फारच घट्ट, फटी नसलेले आहे, हा त्याच्यावरील आक्षेप योग्यच आहे. येथे मात्र त्याचा उपयोग होतो. तेराव्या शतकाच्या आरंभी फ्रेंचमधून ‘बीस्ट’ हा शब्द इंग्रजीत आला. धर्मोपदेश, बोधकथा, शास्त्र या सर्व लेखी व्यवहारांत पशूचा जातिवाचक निर्देश करण्याचे काम त्याने हळूहळू आपल्याकडे घेतले. तेराव्या शतकातील मध्य इंग्रजी ‘फिजिओलोगस’मध्ये चित्त्यासारख्या हिंस्र प्राण्याला अजून ‘डेर’ म्हटलेले आढळते. कॅक्स्टनने १४८१मध्ये डचमधून भाषांतरित केलेल्या रेनार्ड कोल्ह्याच्या कथेतही जुना अर्थ डोकावतो, पण तेथे मूळ डच शब्दाची सावली पडली असावी, म्हणून तो पुरावा जपून वापरला पाहिजे.

वस्तुस्थितीनेही याला हातभार लावला. अस्वले इंग्लंडमधून कधीच नाहीशी झाली होती. रानडुक्कर मध्ययुगातच जवळजवळ संपले, आणि लांडगा पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत. दुसरीकडे नॉर्मनांनी आणून वाढविलेली ठिपक्यांची हरणे उपवनांतून बंदोबस्तात वाढत होती. तांबडे हरीण, ठिपक्यांचे हरीण, लहान रो हरीण या वेगवेगळ्या जातींना एकत्र कवेत घेणाऱ्या शब्दाची गरज होती. तसा शब्द प्राचीन इंग्रजीत नव्हता, आणि ‘डेओर’चे जुने काम ‘बीस्ट’ने घेतल्यामुळे तो रिकामा होता. म्हणजे ज्याला संकोच म्हटले जाते त्यात नव्या गरजेपोटी झालेली नेमणूकही आहे. केवळ आटण्याच्या रूपकात ती बसत नाही. १६११च्या अधिकृत इंग्रजी बायबलमध्ये याचा निकाल लागलेला दिसतो. सृष्टीच्या उत्पत्तीतील पशू तेथे ‘बीस्ट’ आहेत. ‘डिअर’ येतो तो ठिपक्यांच्या हरणाच्या जोडनावात, भक्ष्य प्राण्यांच्या यादीत आणि सॉलोमन राजाच्या भोजनाच्या तपशिलात.

‘अनिमल’ला या बायबलात स्थान नाही. लॅटिनमधून उचललेला हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजीत विरळा होता. याच सुमारास लिअर लिहिले गेले. १६०६च्या डिसेंबरात ते राजदरबारी सादर झाले. ज्या प्रवेशापासून या निबंधाला आरंभ झाला, त्यात हे दोन्ही शब्द येतात, ही गोष्ट संपादकीय टिपांच्या गर्दीत सहसा नजरेत भरत नाही. एडगर आपल्या आहाराचे वर्णन करण्याच्या थोडे आधी लिअर त्याच्या उघड्या देहाकडे पाहतो, आणि रेशीम, कातडे, लोकर यांवाचूनचा माणूस म्हणजे असा एक दोन पायांचा ‘अनिमल’ असे म्हणून स्वतःचेही कपडे काढू लागतो. राजाच्या तोंडी नवा, लॅटिन, तत्त्वचर्चेतला शब्द आहे. भिकाऱ्याच्या तोंडी तीनशे वर्षांपूर्वीच्या पद्यकथेतला, हद्दपार झालेला शब्द आहे. लिअरचा ‘अनिमल’ माणसाच्या व्याख्येसाठी आला आहे, टॉमचा ‘डिअर’ पोटासाठी. हरीण राजाचे झाल्यानंतर प्रजेसाठी जे ‘डेओर’ उरले ते हे : उंदीर आणि घुशी.

शेक्सपिअरला या दोन शब्दांच्या व्युत्पत्ती ठाऊक असतील असे मानण्याचे कारण नाही, आणि दोन्हींच्या मुळाशी श्वास आहे हे त्याने योजिले असे म्हणणे म्हणजे टीकेच्या नावाखाली कोशाचे श्रेय कवीला देणे होय. परंतु नाटकाच्या शेवटी कॉर्डीलियाचे कलेवर हातांवर घेऊन आलेला लिअर जो प्रश्न विचारतो, त्यात कुत्रा, घोडा आणि उंदीर यांच्या जिवाची तुलना तिच्या थांबलेल्या श्वासाशी आहे. मराठी भाषांतरकाराला या ठिकाणी ‘प्राण’ हा शब्द सहज सुचेल. तिसऱ्या अंकात, राजा आणि भिकारी यांच्या दोन शब्दांपुढे, ‘प्राणी’ हा एकच शब्द हाताशी असताना तो काय करील, हे सांगणे अधिक कठीण आहे. ‘जनावर’ लिअरला द्यावे की टॉमला?